शेअर विकले शुक्रवारी, पैसे मात्र मंगळवारी!

कागलच्या आमच्या एका स्नेह्यांचा शिवणकामाचा छोटा कारखाना आहे. आठ मशिने, दहा-बारा कारागीर आणि दिवाळीच्या आधी दोन महिने रात्रीचा दिवस. सप्टेंबर 2025 मध्ये इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांना हवा तसा कापडाचा लॉट चांगल्या भावात मिळत होता. व्यापारी म्हणाला, "सोमवारी संध्याकाळपर्यंत पैसे द्या, तोवर माल तुमच्या नावाने ठेवतो." आमच्या स्नेह्यांनी शब्द दिला. हातात रोकड नव्हती, पण चार वर्षांत थोडे थोडे करून घेतलेले शेअर होते. शुक्रवार, 5 सप्टेंबरला ईद-ए-मिलादची सुट्टी होती, कारखाना बंद होता. दुपारी निवांतपणे बसून त्यांनी मोबाइलवरून शेअर विकले. शुक्रवारी सौदा, एक दिवस पुढे म्हणजे सोमवार, सोमवारी पैसे, हा त्यांचा हिशेब.

सोमवारी पैसे आले नाहीत. दलालाच्या ॲपमध्ये रक्कम दिसत होती, पण काढायला गेले की नकार येत होता. संध्याकाळी व्यापाऱ्याने लॉट दुसऱ्याला देऊन टाकला. पैसे बँकेत आले ते बुधवारी सकाळी. आमच्याकडे आले तेव्हा ते म्हणाले, "भाई, माल गेला त्याचे एवढे वाटत नाही, जबान खोटी पडली त्याचे वाटते. माझे पैसे कुणी दाबून ठेवले होते ते एकदा सांगा."

पैसे कुणी दाबले नव्हते. दलालाचीही चूक नव्हती. मात्र जी गोष्ट त्यांना कुणीही नीट समजावून सांगितली नव्हती ती आमच्या पुष्कळ वाचकांनाही ठाऊक नसावी, म्हणून हा लेख.

शेअर बाजारात प्रत्येक व्यवहाराला दोन तारखा असतात. एक सौद्याची, दुसरी सेटलमेंटची. सौद्याच्या दिवशी फक्त भाव ठरतो आणि दोन्ही बाजू बांधल्या जातात. पैसा आणि माल हात बदलतात ते सेटलमेंटच्या दिवशी. आपल्या व्यापारात हे काही नवीन नाही. उसाचेच पाहा. कागल तालुक्यात ऊस कुणाच्या तरी घरी असतोच, नाही तर गिऱ्हाईक तरी ऊसवालाच असतो. ऊस कारखान्याच्या काट्यावर गेला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत बिल द्यावे लागते, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याजही. म्हणजे उसाचे सेटलमेंट 'दिवस अधिक 14' झाले. लहान उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत, असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सुटे भाग पुरवणाऱ्या आमच्या वाचकांना हे 45 दिवस प्रत्यक्षात किती लांबतात ते आम्ही सांगायला नको. शेअर बाजारात ही मुदत आज फक्त एक दिवस आहे. तिला 'टी+1' म्हणतात. टी म्हणजे ट्रेड, सौद्याचा दिवस. आणि त्यापुढे कामकाजाचा एक दिवस.

मग हा एक दिवस तरी कशाला, असे कुणी विचारील. सौदा संगणकावर क्षणात होतो, तर पैसाही क्षणात का मिळू नये? त्याचे कारण हिशेबात आहे. समजा, शिंप्याला कापडवाल्याचे 800 रुपये द्यायचे आहेत, कापडवाल्याला सुताराचे 500 आणि सुताराला शिंप्याचे 500. प्रत्येकाने आपापले देणे स्वतंत्रपणे दिले तर 1,800 रुपये फिरवावे लागतील. तिघे एका ठिकाणी बसले तर शिंप्याने कापडवाल्याला 300 रुपये द्यायचे, सुताराने काहीच द्यायचे-घ्यायचे नाही, आणि सगळ्यांचा हिशेब मिटला. शेअर बाजारात दिवसाला लाखो लोकांचे सौदे होतात. ते असे एकत्र बसवून, वजावट करून, कुणी किती शेअर आणि किती पैसे द्यायचे हे काढणारी संस्था म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशन. ती दोघांच्या मध्ये उभी राहते. विकणाऱ्याच्या दृष्टीने घेणारी तीच, घेणाऱ्याच्या दृष्टीने विकणारी तीच. म्हणून आपले शेअर कुणी घेतले, तो पैसे देईल की बुडवील, ही काळजी आपल्याला करावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दलालांकडून पैसा आणि शेअर गोळा होतात, दुपारनंतर ज्याचे त्याला मिळतात. 2025 पासून तर घेतलेले शेअर दलालाच्या खात्यात न थांबता थेट आपल्या डीमॅट खात्यात येऊ लागले आहेत. ही मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात जितका कमी वेळ राहील तितके बरे.

सौद्याच्या आणि सेटलमेंटच्या तारखांमधली ही फट आज एका दिवसाची आहे, पण ती नेहमी एवढी अरुंद नव्हती. मुंबईचा शेअर बाजार 1875 साली स्थापन झाला. अगदी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत तेथे रोजच्या रोज हिशेब होत नसे. आधी मोठ्या कंपन्यांच्या शेअरना पंधरवड्याचा हिशेब होता, पुढे आठवड्याचा आला. नोव्हेंबर 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरचे सौदे सुरू झाले. त्याचा आठवडा बुधवारी सुरू होऊन मंगळवारी संपे, तर मुंबई बाजाराचा सोमवार ते शुक्रवार. याचा अर्थ असा की सोमवारी घेतलेला शेअर शुक्रवारी विकून टाकला तर पूर्ण पैसे देण्याचाही प्रश्न नव्हता आणि शेअर ताब्यात घेण्याचाही. भावातला फरक तेवढा द्यायचा किंवा घ्यायचा. एका बाजाराचा आठवडा संपत आला की हुशार मंडळी आपली बाजू दुसऱ्या बाजारात सरकवीत आणि आणखी काही दिवस काढीत. दहा हजारांची ऐपत असलेला माणूस लाखाचे सौदे करी. याला व्यापार म्हणायचे की आकडा लावणे, हे वाचकांनीच ठरवावे.

त्यातही हिशेबाचा दिवस आला आणि पैसे नसले तर 'बदला' होताच. तेजीवाल्याने शंभर शेअर दोनशे रुपयांनी घेतले, म्हणजे वीस हजार द्यायचे. ते नसले की तो म्हणे, पुढच्या हिशेबात बघू. मुंबई बाजारात शनिवारी बदल्याची बैठक भरे. एखादा पैसेवाला ते वीस हजार भरी आणि त्याबद्दल तेजीवाल्याकडून ठरावीक दराने आकार घेई. नाव बदला, पण मूळ वस्तू व्याजच. मंदीवाले जास्त झाले आणि शेअरचीच टंचाई झाली की उलटे होई, शेअर देणाऱ्यालाच आकार मिळे. त्याला 'उंधा बदला' म्हणत. अशा रीतीने एकच सौदा आठवड्यामागून आठवडे पुढे ढकलला जाई. सेबीने डिसेंबर 1993 मध्ये बदला बंद केला, दोन-तीन वर्षांत तो सुधारलेल्या रूपात पुन्हा आला.

ही ढकलाढकल किती महाग पडते हे दोनदा दिसले. 1992 चा हर्षद मेहता घोटाळा आपण सारे शेअरचा घोटाळा म्हणून ओळखतो. त्याचे मूळ मात्र बँकांच्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारात होते. रोखे आज विकले, प्रत्यक्ष नंतर देऊ, तोवर ही बँक रिसीट ठेवा, असा तो प्रकार. पैसे घेणे आणि रोखे देणे यांच्यामधल्या काळात बँकांचा पैसा शेअर बाजारात फिरला. काही रिसीटांमागे रोखेच नव्हते. दुसरा प्रसंग मार्च 2001 चा. केतन पारेखने उचलून धरलेल्या शेअरांचे भाव कोसळले आणि कलकत्ता शेअर बाजारात दलालांना सेटलमेंटचे पैसे भरता आले नाहीत. दोन्ही वेळी पैसा फिरवायला जागा मिळाली ती दोन तारखांमधल्या फटीतच.

2001 च्या त्या धक्क्यानंतर मात्र सरकार आणि सेबी यांनी वेळ लावला नाही. 2 जुलै 2001 पासून बदला कायमचा गेला आणि प्रमुख शेअरना रोजच्या रोज हिशेबाची, म्हणजे रोलिंग सेटलमेंटची पद्धत सक्तीची झाली. तेव्हा मुदत टी+5 होती. 1 एप्रिल 2002 ला ती टी+3 झाली, 1 एप्रिल 2003 ला टी+2. तेथे गाडी जवळजवळ एकोणीस वर्षे थांबली. 25 फेब्रुवारी 2022 ला सर्वांत लहान शंभर कंपन्यांपासून टी+1 सुरू झाले आणि 27 जानेवारी 2023 पर्यंत सर्व शेअर त्यात आले. अमेरिका या टप्प्यावर आपल्या मागून, 28 मे 2024 ला आली. युरोपने 11 ऑक्टोबर 2027 ही तारीख ठरवली आहे. ज्या लंडनकडे पाहून आपल्या दलालांनी धंदा शिकला, तेथे पंधरवड्याचा हिशेब 1994 पर्यंत चालू होता. त्याच दिवशी हिशेब मिटवण्याचा टी+0 हा ऐच्छिक प्रकारही आपल्याकडे 28 मार्च 2024 ला 25 शेअरांपासून सुरू झाला आणि 2025 मध्ये तो पाचशे मोठ्या कंपन्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरले. मोठ्या दलालांची यंत्रणा तयार नसल्याने सेबीला त्यांची मुदत वाढवून द्यावी लागली.

हे सगळे शक्य झाले ते डीमॅटमुळे. आमच्या वयाच्या वाचकांना कागदी सर्टिफिकेटांचे दिवस आठवत असतील. कोल्हापूरला स्वतःचा शेअर बाजार नव्हता. 1982 पासून पुण्यास होता, बाकी सारा कारभार मुंबईचा. कागलच्या माणसाने शेअर विकले की सर्टिफिकेट आणि सही केलेला ट्रान्सफर फॉर्म सब-ब्रोकरकडे द्यायचा, तो कोल्हापूरहून पुढे पाठवायचा. महिन्या-दीड महिन्याने कागद परत! कारण काय, तर सही जुळत नाही. आपल्या लोकांत हे फार होई. एकदा सही मराठीत, एकदा उर्दूत. अर्जावर शेख, रेशनकार्डावर सेख. कुठे मुल्ला तर कुठे मुल्लाणी. माल खरा, मालक खरा, पण 'बॅड डिलिव्हरी' असा शिक्का बसे. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर संगणकातील नोंद झाले आणि पोस्टाच्या थैलीतून सुटले. तसे झाले नसते तर टी+1 हे स्वप्नच राहिले असते.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येऊ. टी+1 मधला 'एक' हा कामकाजाचा दिवस आहे. शनिवार-रविवार मोजायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. बाजार बंद असेल तो दिवस मोजायचा नाही हेही बहुतेकांना ठाऊक असते. फसगत होते ती तिसऱ्या प्रकारच्या दिवसांत. काही दिवशी शेअर बाजार उघडा असतो, सौदे होतात, पण मुंबईत बँकांना सुट्टी असल्याने पैसा हलत नाही. त्याला सेटलमेंट हॉलिडे म्हणतात. 19 फेब्रुवारीची शिवजयंती हे त्याचे नेहमीचे उदाहरण. 2025 साली ती बुधवारी आली. बाजार चालू होता, सेटलमेंट नव्हते. मंगळवारी केलेल्या आणि बुधवारी केलेल्या अशा दोन्ही दिवसांच्या सौद्यांचा हिशेब गुरुवारी, 20 तारखेला झाला.

ईद-ए-मिलादची गोष्ट त्याहून गमतीची. 2025 साली ही सुट्टी शुक्रवार, 5 सप्टेंबरला होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणेश विसर्जनाच्या गर्दीत जुलूस नको म्हणून मुंबईत तो सोमवारी, 8 तारखेला काढण्याचे ठरले. त्यावरून सरकारने मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती सुट्टी शुक्रवारऐवजी सोमवारी केली. बाकी महाराष्ट्रात ती शुक्रवारीच राहिली. त्याबरोबर शेअर बाजारांनीही सेटलमेंटची सुट्टी 5 वरून 8 तारखेला नेली. परिणाम असा की शुक्रवारच्या आणि सोमवारच्या सौद्यांचा हिशेब मंगळवारी, 9 सप्टेंबरला झाला. कागलमध्ये शुक्रवारी ईदची सुट्टी आणि सोमवारी सगळे व्यवहार चालू. पण आपल्या शेअरचा पैसा कागलच्या कॅलेंडरवर चालत नाही, तो मुंबईच्या कॅलेंडरवर चालतो. आमच्या स्नेह्यांनी शुक्रवारी विकलेल्या शेअरचे पैसे मंगळवारी दुपारनंतर दलालाकडे आले, त्यांनी तेव्हा काढण्याची मागणी केली आणि बुधवारी बँकेत जमा झाले. हेच शेअर त्यांनी गुरुवारी, 4 तारखेला विकले असते तर सेटलमेंट शुक्रवारी झाले असते आणि सोमवारचा शब्द पाळता आला असता. एका दिवसाचा फरक, पण तो पाच दिवसांएवढा पडला.

ॲपमध्ये पैसे दिसत होते त्याचे काय? ती विक्रीची येणी रक्कम. तिच्यावर दलाल आपल्याला दुसरे शेअर घेऊ देतो, पण सेटलमेंट होईपर्यंत ती घरी नेता येत नाही. उधारीच्या वहीतला आकडा आणि गल्ल्यातली नोट यांत जो फरक, तोच येथे. दलाल प्रत्येक सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवतो. आपण ती उघडूनही पाहत नाही. तीत सेटलमेंटचा क्रमांक आणि तारीख छापलेली असते. सौदा झाल्यावर ती एक ओळ वाचली तरी पुष्कळ घोटाळे टळतील. वर्षभराच्या सेटलमेंट सुट्ट्यांची यादी दोन्ही शेअर बाजार वर्षाच्या सुरुवातीस जाहीर करतात. ईदची तारीख चंद्रावर असल्याने तीत बदल होऊ शकतो, हे आपल्या वाचकांनी तरी विसरू नये.

विकणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. शेअर खात्यातून द्यायला डीमॅटची परवानगी लागते. कुणी ती एकदाच कागदावर देऊन ठेवतात, कुणाला दर वेळी मोबाइलवर पिन घालून द्यावी लागते. ती राहून गेली आणि शेअर वेळेवर पोचले नाहीत तर बाजार ते लिलावात दुसऱ्याकडून घेऊन खरेदीदाराला देतो. लिलावाचा भाव जास्त आला तर तो फरक आणि दंड विकणाऱ्याच्या माथी. खरेदीदाराला एक दिवस उशिरा शेअर मिळतात, लिलावात शेअर मिळालेच नाहीत तर रोख भरपाई मिळते.

येथून आमच्या वाचकांच्या एका नेहमीच्या शंकेकडे वळणे भाग आहे. आज घेतलेला शेअर उद्या डीमॅटमध्ये येतो. मग तो येण्याआधीच विकला तर चालतो का? बाजाराचा नियम आडवा येत नाही. पण त्यात व्यवहाराचा धोका आहे. ज्याच्याकडून आपला शेअर यायचा त्याने तो दिलाच नाही तर आपणही पुढच्या माणसाला देऊ शकत नाही आणि वर सांगितलेला लिलाव आपल्या गळ्यात पडतो. शरीयतच्या दृष्टीनेही, जो माल आपल्या कब्जात आला नाही तो विकू नये हे तत्त्व आपल्या व्यापाऱ्यांना लहानपणापासून माहीत आहे. शेअरच्या बाबतीत कब्जा सौद्याबरोबर मानायचा की डीमॅटमधील नोंदीबरोबर, यावर उलेमांत चर्चा आहे. सावधगिरीचा सल्ला देणारे नोंद होईपर्यंत थांबा असे सांगतात. फतवा देणे हे आमचे काम नाही, ज्याने त्याने आपल्या आलिमांस विचारावे. आम्ही एवढेच सांगू शकतो की पंधरवड्याच्या हिशेबाच्या काळात थांबणे जड होते. आज एक दिवस थांबायचे आहे. सकाळी घेऊन दुपारी विकण्याच्या इंट्राडे सौद्यात तर शेअर खात्यात येतच नाही, फरक तेवढा हाती येतो किंवा हातचा जातो. सेबीनेच जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे 2022-23 या वर्षात असे व्यवहार करणाऱ्या दहांपैकी सात जणांना तोटा झाला.

डिव्हिडंडसाठी शेअर घेणाऱ्यांचीही तारखेवरून फसगत होते. कंपनी रेकॉर्ड डेट जाहीर करते. त्या दिवशी ज्याच्या डीमॅटमध्ये शेअर असेल त्यालाच डिव्हिडंड किंवा बोनस. पुष्कळजण त्याच दिवशी सकाळी शेअर घेतात. तो दुसऱ्या दिवशी खात्यात येतो, आणि डिव्हिडंड जुन्या मालकाला जातो. टी+1 मध्ये शेअर किमान एक कामकाजाचा दिवस आधी घेतलेला हवा. मध्ये सेटलमेंट हॉलिडे येत असेल तर यादी पाहूनच घ्यावा.

म्युच्युअल फंडाचे गणित याहून वेगळे आहे. शेअरवाल्या योजनेतून पैसे काढले तर फेब्रुवारी 2023 पासून ते कामकाजाच्या दोन दिवसांत मिळतात, आणि दुपारी तीननंतर दिलेला अर्ज दुसऱ्या दिवसाचा धरला जातो. फीचे, भाड्याचे किंवा मालाचे पैसे फंडातून उभे करायचे असतील तर आठवडाभर आधी अर्ज द्यावा, असे आम्ही सुचवू.

आमच्या स्नेह्यांनी नंतर दुसरा लॉट घेतला, थोडा महाग पडला. त्या व्यापाऱ्याची गाठ घेऊन त्यांनी सगळी हकिकत सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला की त्याचेही शेअर आहेत आणि त्यालाही हे माहीत नव्हते.

बोलता बोलता त्यांनी वडिलांच्या पेटीत सापडलेली दोन कागदी सर्टिफिकेटेही आम्हांस दाखवली. 1 एप्रिल 2019 पासून असे कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. मूळ मालक हयात नसेल तर वारसांची नोंद करून घ्यावी लागते. सलग सात वर्षे डिव्हिडंड घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात आणि तेथून अर्ज करून परत मिळवावे लागतात. त्याची कागदपत्रे कोणती आणि अर्ज कसा करावा हे पुढील अंकी देऊ. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते लॅमिनेशन न करता, आहेत तसे जपून ठेवावेत.